डाव्या बोल्टची रायफल

ही घटना मी नोकरीत असतानाची. मी तेव्हा एडिनबरामध्ये बंदूक परवाना विभागात सार्जंट होतो. काम बहुतेक कागदी: परवाने, नूतनीकरण, घरी जाऊन बंदुकीचं कपाट तपासणं.

खबर दिली ती एका गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करून विकणाऱ्याच्या, दुकानातून काम सोडून गेलेल्या माणसाने. मालक रायफलींच्या बॅरल म्हणजे नळ्या बदलतो आणि त्या दाब-चाचणीला न पाठवता विकतो, एवढंच तो फोनवर बोलला. बदललेल्या बॅरलची चाचणी करून तिच्यावर छाप उमटवून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, बदललं तर परवान्यातही दुरुस्ती लागते. दोन्हींत आठवडे जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी आणि माझी सहकारी कॉन्स्टेबल दुकानात पोहोचलो. मालक साठीचा, नीटनेटका. नोंदवही त्याने स्वतःहून पुढे केली. ज्याची वही इतकी स्वच्छ, त्याचं भंगार आधी पाहावं, हा माझा अनुभव. मागच्या खोलीत भंगारात एक जुनी बॅरल पडली होती. तिच्यावरचा क्रमांक वहीतल्या एका रायफलशी जुळला. वहीनुसार ती रायफल त्याच बॅरलसह विकली गेली होती.

त्याला कायदेशीर इशारा देऊन मी जबाब सुरू केला.

"ही बॅरल इथे आहे, तर विकलेल्या रायफलीला कोणती बसवलीत?"

"आठवत नाही."

"मग ती रायफल मागवून बघू. ती घेणाऱ्या इस्टेटचा पत्ता वहीत आहेच."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "नको. तिला आधी हात लावू देऊ नका कोणाला."

रायफल स्वस्तातली होती, डावखुऱ्यांसाठी बनवलेली, काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट डाव्या बाजूला. उत्तरेकडच्या त्या इस्टेटला, म्हणजे खासगी शिकाररानाला, हरणांच्या शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती हवी होती. मूळ बॅरल झिजली होती. मालकाकडे दुसऱ्या कॅलिबरची एक तयार होती, ती त्याने बसवली. रायफलीच्या अंगावरचा जुन्या कॅलिबरचा शिक्का तसाच राहिला. योग्य काडतुसं कोणती, ते इस्टेटच्या गाइडला तोंडी सांगितलं होतं. तो गाइड महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेला होता.

नवा गाइड शिक्का वाचणार आणि जुन्याच कॅलिबरची काडतुसं काढणार. ती या बॅरलमध्ये बसतात, पण त्यांची गोळी नळीपेक्षा जाड, म्हणूनच धोका. चाप ओढला की दाब मागे फिरतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

मी इस्टेटवर फोन लावला. तिथल्या घरकाम पाहणाऱ्या बाईंनी उचलला. डाव्या बोल्टची रायफल कोणी झाडू नये, हे मी त्यांना सांगितलं. पाच पाहुणे न्याहारी करून गाइडबरोबर निशाणाच्या मैदानावर गेले होते. शिकारीआधी प्रत्येकाने एकेक गोळी झाडून दाखवायची, असा नियम. मैदान मैलभर वर, तिथे मोबाइल लागत नाही.

"पाहुण्यांत डावखुरं कोणी आहे?" मी विचारलं.

"सह्या तर सगळ्यांनी उजव्या हाताने केल्या. पण सहीवरून मी काय सांगणार, सार्जंट?"

मी नावं वाचायला सांगितली. चार अनोळखी. पाचवे ग्लासगोचे एक मराठी डॉक्टर, माझ्या चांगल्या ओळखीचे. गणपतीच्या जेवणाला आम्ही दरवर्षी शेजारी बसायचो.

"ते उजवे आहेत," मी म्हणालो. "बाकीच्यांना सह्यांवरून उजवेच धरू. रायफल कपाटातच असणार."

"मी जाऊन सांगू का? गुडघा जरा कुरकुरतो माझा, पण..."

"गरज नाही."

इस्टेटच्या सर्वांत जवळचा कॉन्स्टेबल रस्त्यावरच्या एका अपघातात गुंतला होता. मी त्याला हलवलं नाही. डायरीत नोंद केली: डावखुरं कोणी नाही, दुपारी रायफल ताब्यात घेणे.

माझ्या सहकारी कॉन्स्टेबलने जबाबावर साक्षीदार म्हणून सही केली. डाव्या हाताने. शाई तळव्याला फासली आणि ती करवादली, "हे पेन उजव्यांनीच बनवलेलं!" मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. माझ्या पिढीतला डाव्या हाताने लिहिणारा एकही मराठी माणूस मला आठवेना. नसतील कसे? मोडली होती सगळ्यांची सवय, घरी आणि शाळेत.

मी डॉक्टरांच्या घरी फोन केला.

"वहिनी, डॉक्टर डावखुरे आहेत का?"

"अहो, हे काय सकाळी सकाळी! डाव्या हाताने जेवले असते तर सासूबाईंनी ताटावरून उठवलं असतं."

"जेवण राहू द्या. बॅडमिंटन कोणत्या हाताने खेळतात?"

"डाव्या. स्क्रूड्रायव्हरही डाव्याच हातात असतो. आयकियाचं कपाट केलं तेव्हा मी सारखी मध्ये येत होते, म्हणून लक्षात आहे. का हो? काय झालंय?"

मी उत्तर न देता फोन ठेवला. त्याबद्दल त्यांनी मला पुढे बरंच सुनावलं, आणि ते योग्यच होतं. रेडिओवरून कॉन्स्टेबलला अपघात सोडून निघायला सांगितलं. त्याला वीस मिनिटं लागणार होती. इस्टेटचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मालक समोर मान खाली घालून बसला होता. त्या वेळी त्याच्यात आणि माझ्यात फारसा फरक नव्हता.

अखेर कॉन्स्टेबलचा निरोप आला. तो पोहोचण्याआधीच त्या बाई मैदानावर पोहोचल्या होत्या. माझा पहिला फोन ठेवल्या ठेवल्या त्या निघाल्या होत्या. चौघांच्या गोळ्या झाडून झाल्या होत्या. डॉक्टर सतरंजीवर पालथे, रायफल डाव्या खांद्याला, काडतूस आत. बाईंनी लांबूनच ओरडून गाइडला थांबवलं.

पुढे रायफल तपासणीला गेली. अहवालात लिहिलं होतं की बोल्टने दाब सहन केला नसता. मालकाचा परवाना गेला, खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला.

बाईंचा जबाब मी स्वतः जाऊन घेतला. मी नको म्हटलं असताना त्या का निघाल्या, हे विचारलं.

"तुम्ही म्हणालात, उजवे आहेत. मी म्हटलं, ह्यांनी त्यांना बंदूक धरलेलं कुठे पाहिलंय?"

मी ते तसंच लिहून घेतलं.

अनोळखी चौघांबद्दल मी निदान विचारलं होतं. ओळखीच्या माणसाची मात्र चौकशी न करता खात्री देऊन मोकळा झालो. नंतरच्या नोकरीत ओळखीचं नाव समोर आलं की मी ती फाइल दुसऱ्याकडे द्यायचो. काहींना तो माझा ताठा वाटला. मी कारण सांगितलं नाही, कारण ते सांगताना त्या वीस मिनिटांतून पुन्हा जावं लागलं असतं.