उकळलेली स्प्लिंट

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात अंगाला जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं. गालावर ठेवलं, डाव्या हातावर ठेवलं, उजव्या अंगठ्यावर ठेवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी म्हणालो, "सर, करा ना सुरू."

"चार वेळा लावून झालं," ते म्हणाले. "करंगळीला."

ही तपासणी मला पाठ होती. गावोगाव आरोग्याचा प्रचार करणाऱ्या आमच्या मंडळासाठी तिच्यावरची पत्रकं मीच लिहायचो. फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, दाखवा, ही ओळ सेनगाव तालुक्यातल्या गावागावांत मी भिंतींवर रंगवली होती. आणि उजव्या कोपराजवळचा स्वतःचा चट्टा वर्षभर बाहीखाली ठेवला होता. उन्हाचा डाग म्हणायचो. म्हणजे स्वतःलाच म्हणायचो, दुसरं कुणी विचारत नव्हतं.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवा होता आणि मी तेवीस वर्षांचा. डॉक्टर 'लेप्रसी' म्हणाले. कुष्ठरोग. तेव्हा राग यायला पाहिजे होता, नाहीतर रडू. काहीच आलं नाही. समोरच्या भिंतीवर आमच्याच मंडळाचं पत्रक चिकटवलेलं होतं, त्यातली शुद्धलेखनाची चूक बघत बसलो.

कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती 'अल्नर नर्व्ह'. करंगळी आणि शेजारच्या बोटाची नस. माझी सुजून दोरीसारखी झाली होती. याला 'न्यूरायटिस' म्हणतात, म्हणजे नसेची सूज. जंतूंसाठी 'एमडीटी', म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळ्यांची पट्टी. सुजेसाठी स्टिरॉइड. पण दोन्ही बोटं वाकायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, "जंतू मरतील. हाताचं मी सांगू शकत नाही. नस जागी होईपर्यंत बोटं सरळ ठेवलीस तर वाचतील. आखडली तर ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही."

माझा उजवा हात. लिहायचा तोच, रंगवायचा तोच.

नांदेडच्या एका दवाखान्यात पाठवलं. आमच्या गावाहून, साखऱ्याहून निघायचं, वारंगा फाट्यावर चहा, पुढे नांदेड, मग बाकावर दुपारपर्यंत वाट बघायची. तिथं शेख मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या, म्हणजे हातापायांचे व्यायाम आणि आधार बघणाऱ्या. त्यांनी प्लास्टिकचा भोकाभोकांचा पांढरा पत्रा गरम पाण्यात टाकला. तो काचेसारखा पारदर्शक झाला, कणकेसारखा मऊ. माझ्या हातावर बसवून धरला. गार होता होता पुन्हा पांढरा आणि कडक. ही झाली स्प्लिंट, झोपताना बोटं सरळ धरणारी.

त्या म्हणाल्या, "याला आपला पहिला आकार याद असतो. 'शेप मेमरी' म्हणतात. काही प्लास्टिक नुसत्या ओलीनं आकार बदलतात, याला गर्मी लागते. गरम पाण्यात गेलं की परत सपाट. गार पाण्यानंच धुवा. घरी सगळ्यांना बराबर सांगा." कागदावर लिहूनही दिलं. मी तो कागद खिशात घातला.

घरी माय आणि मी, दोघंच. तिला एवढंच सांगितलं की नस दुखावली. तिला वाचता येत नाही. पण माझ्या पत्रकांवर गोळ्यांच्या पट्टीचं चित्र होतं आणि तसलीच पट्टी माझ्या उशाखाली होती. तिनं ती ओळखली. माझं ताट वेगळं झालं. कडुलिंबाचा पाला घालून माझं ताट, तांब्या, पेला पातेल्यात उकळायला लागली. भाकरी ताटात वरून सोडायची. तिच्या चुलत्याला याच रोगापायी गावाबाहेर झोपडीत ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

आणि मी? ताटा-पेल्यानं हा रोग पसरत नाही, असं मी चावड्यांवर ओरडून सांगितलेलं. घरात एक शब्द बोललो नाही. ती उकळत होती, मी खाली मान घालून जेवत होतो. असे तीन आठवडे.

एक दिवस बाहेरून आलो तर स्प्लिंट फळीवर नव्हती. चुलीवरच्या पातेल्यात होती. सांडशीनं डाव्या हातानं वर काढली. पारदर्शक, लिबलिबीत, आणि सपाट. बोटांचा खळगा गेला, मनगटाचा बाक गेला.

मग मी बोललो. अडाणीपणा, अंधश्रद्धा, समाज, पत्रकातलं सगळं एकट्या बाईला ऐकवलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खाली बघत होती.

"हात काढ," ती म्हणाली. "आरं, हात काढ ना. काहून ठेवला तिथं?"

माझ्या उजव्या हाताची कड पातेल्याच्या काठावर टेकलेली होती. तिनं पदरानं पातेलं ओढून घेतलं. करंगळीखालची कातडी पांढरी पडली होती.

"लागलं न्हाई तुला?"

"न्हाई."

"काहीच न्हाई?"

ती चुलीपाशी खाली बसली. "मला वाटलं तुला चटका कळते अन् तू सोसून राहिला."

तिथंच तिला सगळं सांगितलं. कागदही वाचून दाखवला.

पुढचं आत्ताच सांगतो, तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल तर जीव टांगणीला नको. औषध पूर्ण झालं. शेजारचं बोट सरळ आहे, करंगळी थोडी वाकडी आणि बधिरच राहिली. पेन धरता येतो. गरम भांड्यापाशी आधी डोळ्यांनी बघायचं, हाताच्या भरवशावर राहायचं नाही. आणि दवाखान्याचा कागद घरात मोठ्यानं वाचा, पहिल्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी माय माझ्याबरोबर नांदेडला आली. गाडीत पुढच्या सीटवर बसली, शेजारी नाही. शेख मॅडम रागावल्या नाहीत. भाजलेल्या जागेवर पट्टी बांधली. "नवा पत्रा नको, हाच चालतो," म्हणून तोच गरम केला. मदतनीस रजेवर होते. मॅडमनी मायला बोलावलं.

"मावशी, ही दोन बोटं सरळ धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

"मी?"

"तुम्हीच. त्याला तकलीफ होत नाही."

मायनं दोन्ही हात पदराला पुसले. मग धरली. मला तिचा हात लागत नव्हता. मी नुसता बघत होतो. पत्रा हळूहळू पांढरा झाला. मॅडम म्हणाल्या, झालं, सोडा आता.

"ऱ्हाऊ द्या जरा," माय म्हणाली. "अजून हाताला ऊन-ऊन लागून राहिलं."