इन्व्हर्टरचे चार दिवे

आमच्या घरातल्या इन्व्हर्टरला समोरून चार हिरवे दिवे होते. बॅटरी भरलेली असली की चारही लागायचे, उतरत गेली की एकेक विझायचा, आणि शेवटचा उरला की ते डबडं टीं टीं करून ओरडायला लागायचं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वारंगा फाट्यावर तेव्हा लाईट असण्यापेक्षा नसायचीच जास्त. त्या चार दिव्यांवर आमच्या घरात दोन गोष्टी चालायच्या: माझं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग आणि सासूबाईंचा श्वास.

श्वास म्हणजे वाफेचं मशीन. सासूबाईंनी जन्मभर हळद केली. हळद शिजवायची, वाळवायची आणि मग पॉलिशच्या ड्रममध्ये घालून फिरवायची. त्या ड्रममधून जी पिवळी धूळ उडते ती त्यांनी तरुणपणापासून नाकातोंडात घेतली. मी नव्वदच्या दशकात सून म्हणून आले तेव्हा त्या नुसत्या खोकायच्या. नंतर दम लागायला लागला, आणि पुढे डॉक्टरांनी हे मशीन लिहून दिलं. त्यात औषध घालायचं, तोंडावर मास्क धरायचा, बटण दाबायचं, की घुर्र आवाज करून वाफ येते. दम उठला की ती वाफ तेव्हाच्या तेव्हा मिळाली पाहिजे. लाईट येईपर्यंत थांब असं दम्याला सांगता येत नाही.

मिक्सिंग म्हणजे आमचं पोट. नवरा कॅमेरा घेऊन लग्नं उरकायचा, कधी औंढ्याला, कधी शिरड शहापूरला, कधी एखाद्या तांड्यावर. तो कॅसेटी आणून माझ्यापुढं टाकायचा. मी त्या कापायच्या, गाणी लावायची, नवरदेवाचं तोंड गुलाबाच्या फुलात बसवायचं, नवरीच्या डोक्यावरून कबुतरं उडवायची. लोकांना ती कबुतरं फार आवडायची, मला त्यांचा वीट आला होता. सगळं जुळवून झालं की कॉम्प्युटर तासन्‌तास बसून त्याची एक सलग फिल्म बनवतो, त्याला रेंडर म्हणतात. त्यात मध्येच लाईट गेली आणि इन्व्हर्टरही उतरला की पहिल्यापासून सुरुवात. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकेक लग्न मी चारचारदा लावलेलं आहे. शेवटी लॅपटॉप घ्यायचं ठरलं.

सासूबाईंना नांदेडला डॉक्टरांना दाखवायचंच होतं, म्हणून त्याच दिवशी तिघंही दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन लॅपटॉप ठेवले. एक पाटीसारखा सपाट, दुसरा पोळपाटासारखा जाड. दोन्हींवर प्रोसेसरचे स्टिकर होते आणि जाड्यावरचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

"हा जाडा तेज आहे," दुकानदार म्हणाला, "पण बॅटरी तासभर पुरली तर पुरली. हा सपाट हळू आहे, पण वीज कमी खातो. अर्धा दिवस ओढेल."

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. एसीच्या गार वाऱ्यानं त्यांना खोकला येत होता, पण लक्ष सगळं काउंटरवर. "यातली मोठी मोटर कोंती?" त्यांनी विचारलं.

दुकानदार हसला. आम्ही हसलो नाही, कारण आम्हीही तेच बघत होतो. आमच्याकडं शेताला लाईट पाळीनं यायची, थोडा वेळ यायची. ती आली की सासूबाई हातातली भाकर टाकून विहिरीकडं पळायच्या. लहान मोटर त्या वेळात हौदसुद्धा भरायची नाही, म्हणून त्यांनी मोठी बसवली होती. शेजाऱ्यांनीही बसवली, मग सगळ्या शिवारानं बसवली. त्यानंतर आमची डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, वरचेवर जळायला लागली आणि सगळे मिळून लाईनमनला शिव्या द्यायचे. दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही.

"आपल्याकडं लाईट ऱ्हाते किती वेळ?" सासूबाई मला समजावून सांगायला लागल्या. "मंग जेवढा वेळ हाय तेवढ्यात वढून घेनारी पाह्यजे. बारकी मोटर दिसभर गुरगुर करती अन् हौद न्हाई भरत. मोठी घ्या. तुझं काम लौकर उरकतं, तू बंद करती, अन् राहिलेली लाईट माझ्या मशीनला. बराबर हाय का न्हाई?"

बराबर होतं. मी त्यावर आजही बोट ठेवू शकत नाही. जो लवकर काम संपवतो तो लवकर झोपतो, आणि झोपलेला खात नाही. दुकानदार हळूच म्हणाला, "नुसता आकडा बघू नका, मॅडम." पण आकडा म्हणजे हॉर्सपॉवर, आणि हॉर्सपॉवर मोठी ती मोटर चांगली, एवढं आमच्या रक्तातच होतं. आम्ही जाडा घेतला.

महिन्याभरात कळलं की ते मोटरीसारखं नव्हतं. मोटर एक तर चालू, नाही तर बंद. हा नुसता उघडा ठेवला तरी पीत होता. मिक्सिंगमध्ये रेंडर असतो शेवटी. त्याआधीचा सगळा वेळ माणूस बसून बघत असतो, कुठं कापायचं, कुठं गुलाब टाकायचा. मी विचार करत बसायची आणि तो माझ्या विचारावर वीज जाळायचा. त्यात मे महिना, वर पत्रे. रेंडर लावला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा, बूड तव्यासारखं तापायचं, आणि तापलं की तो आपला आपण हळू व्हायचा. म्हणजे वीज मोठ्या मोटरीची आणि पाणी लहान मोटरीचं. वर्षाच्या आत त्याची स्वतःची बॅटरीही मेली. आता त्याचं सगळं ओझं इन्व्हर्टरवर.

मी घरात नियम केला. दोन दिवे विझले की लॅपटॉप बंद. उरलेले दोन सासूबाईंचे, त्यांना देवानंसुद्धा हात लावायचा नाही. नियम माझा, आणि लग्नसराईत तो मोडायला लावणारेही आमचेच लोक. "अगं, एवढं एक लगीन होऊन जाऊ दे," नवरा म्हणायचा. सासूबाई म्हणायच्या, "मला काय न्हाई व्हत, चालू दे." मी दर थोड्या वेळानं उठून ते दिवे बघून यायची. स्वयंपाक करताना बघायची, कपडे वाळत घालताना दारातून वाकून बघायची. चांगल्या घरात बाई दुधावर लक्ष ठेवते, मी दिव्यांवर ठेवायची. फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्याच्या जनरेटरवर लॅपटॉप नेऊन बघितला, तर तिथं धुळीनं त्याचा पंखा आणखीच बसला. तो विकून दुसरा घ्यावा तर लग्नाचा सीझन अंगावर. मी रडकुंडीला आले होते. त्या दिवसांत मला स्वप्नं पडत ती हिरवी पडत, आणि हे मी गमतीनं सांगत नाही.

मग ती दुपार आली. औंढ्याजवळच्या तांड्यावरचा एक फौजी पोरगा आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, म्हणजे आमच्या दुकानात, बाकड्यावर बसला होता. त्याच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मिळाली ती नंतर, आणि आज संपत होती. फाट्यावरूनच त्याला संध्याकाळची गाडी धरायची होती. बहिणीचं लग्न त्याला मी बनवत होते त्या सीडीतच दिसणार होतं. त्यानं एकदाही घाई केली नाही, म्हणून मलाच जास्त घाई झाली होती.

नवरा दुसऱ्या लग्नावर गेलेला. लाईट सकाळीच गेली होती. रेंडर नव्वद टक्क्यांच्या पुढं सरकला होता आणि इन्व्हर्टरचा एकच दिवा उरला होता. टीं टीं सुरू झालं. मी मनात पडद्यावरच्या रेंडरच्या पट्टीला हात जोडले, सरक गं बाई. आणि मग माझ्या लक्षात आलं की आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज बऱ्याच वेळात आलेला नाही.

मी आत गेले. सासूबाई पलंगाच्या काठावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या होत्या. खांदे कानांपर्यंत जात होते, तोंड उघडं, ओठ काळेनिळे. मशीन मांडीवर होतं, मास्क हातात होता, पण वायर खाली तशीच पडलेली. त्यांनी ती लावली नव्हती. बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटानं बाहेरच्या खोलीकडं दाखवलं आणि पंजा हलवला: किती राहिलं?

मी बाहेर पळत आले आणि लॅपटॉपची वायर उपटली. पडदा काळा झाला. बाकड्यावरचा फौजी उठून उभा राहिला, त्याला वाटलं मला शॉक बसला. मी मशीन लावलं, वाफ आली, आणि सासूबाईंनी ती दोन-चार घोट ओढली असेल नसेल तोच इन्व्हर्टर एक लांब शिट्टी मारून बंद पडला. त्या शांततेत त्यांच्या छातीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

लहान लेकराला उचलावं तसं त्या पोरानं सासूबाईंना उचललं, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि नांदेडकडं चाललेला टेम्पो अडवला. त्याची गाडी गेली ती गेलीच. दवाखान्याच्या दारापर्यंत तो आमच्यासोबत होता. सीडी मी त्याला पुढं टपालानं पाठवली, एकही कबूतर न घालता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बोलता यायला लागलं. पहिलं वाक्य: "त्या पोराला त्याच्या बहिनीचं लगीन देलं का?"

"न्हाई. बंद केलं म्या."

"काहून बंद केलं? थोडकंच तर राहिलं व्हतं."

माझं डोकं फिरलं. "आत्याबाई, तुमी मरत व्हत्या!" मी वॉर्डात सगळ्यांदेखत ओरडले. "मरत व्हत्या अन् वायर खाली टाकून बसल्या व्हत्या!"

"मोटर मधीच बंद केली की सगळं पानी वापस जातं," त्या शांतपणे म्हणाल्या. मी त्यांच्या पलंगाला डोकं टेकून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि तो हातही त्यांना जड होत होता.

सीझन संपायची वाट न पाहता मी नांदेडला एकटी गेले. जाडा देऊन टाकला आणि कमी वीज खाणारा सपाट, हळू लॅपटॉप घेऊन आले. सासूबाईंनी तो हातात धरून वर-खाली केला. "म्हशीच्या जागी शेळी आनली व्हय?" त्यांनी विचारलं. खरंच शेळी होती. रेंडर लावला की दोन जेवणं होऊन जायची. पण तो स्वतःच्या बॅटरीवर चालायचा, तापायचा नाही, आणि लाईट आली की पोट भरून घ्यायचा. गिऱ्हाइकं कुरकुरली, नवरा तर महिनाभर तोंड फुगवून होता. मी कुणाचं ऐकलं नाही. लॅपटॉपची वायर इन्व्हर्टरला पुन्हा कधी लागलीच नाही. चारही दिवे आता फक्त सासूबाईंचे.

त्यांना मात्र ते बघवायचं नाही. भरलेला हौद आणि कोरडं शेत बघितल्यासारखं त्या इन्व्हर्टरकडं बघायच्या. "एवढं भरून ठिवून काय लोनचं घालती का त्याचं?" त्या म्हणायच्या. मी म्हणायची, "व्हय, लोनचंच." मला फार बरं वाटायचं. मी जिंकले असं वाटायचं. श्वास हा विजेचा प्रश्न आहे आणि तो मी सोडवला आहे, असं मी धरून चालले होते.

पुढच्या हळदीच्या दिवसांत, सगळ्या गावात ड्रम फिरत होते तेव्हा, एका सकाळी त्यांचा दम उठला. दूधवाला दारात होता. मी औषध घातलं, मास्क लावला, बटण दाबलं. वाफ आली, भरपूर आली. औषध संपलं तसं पुन्हा घातलं. नवरा गाडी आणायला पळाला. माझा हात त्यांच्या पाठीवर होता आणि सवयीनं मी मान वळवून इन्व्हर्टरकडं पाहिलं. चारही दिवे लागलेले. मी परत त्यांच्याकडं पाहिलं तेव्हा वाफ मास्कच्या कडांमधून बाहेर येत होती, आत काही जात नव्हतं.

शेजारची बाई आली. तिनं सासूबाईंच्या नाकाशी हात धरला, त्यांचे डोळे मिटवले, पदर सारखा केला. मशीन घुर्र करत होतं. ती माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "बंद कर माय आता ते."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "लाईट हाय अजून."