वॉटरबकची मागची तंगडी

मासिंडी नेमुकुलाला परदेशी शिकाऱ्यांचा राग एकाच गोष्टीसाठी यायचा. कुठलंही मांस तोंडात टाकलं की ते मान डोलवून म्हणायचे, "अगदी गाईच्या मांसासारखं लागतं." तीस वर्षं तो लिम्पोपो प्रांतातल्या एका शिकारीच्या रानात जनावरं सोलत होता, आणि तीस वर्षं हेच ऐकत होता. "मग घरीच गाय कापायची होती की," असं तो सुरी पुसत पुटपुटायचा.

त्याची स्वतःची जीभ फार चोखंदळ. इंपाला हरिण मवाळ, कुणाशी भांडण नाही, असं तो सांगायचा. पण नर माजावर असताना मारला तर मग चुलीशी जाऊ नये. कुडूही हरिणच, पण कोरडा, चरबी घातल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. झेब्रा गोडसर. पाहुणे तो दुसऱ्यांदा मागून खातात आणि नाव कळलं की ताट सरकवतात. रानडुकराच्या बरगड्या निखाऱ्यावर भाजाव्यात आणि त्या वेळी कुणाशी बोलू नये. आणि सगळ्यांत वर इलंड. बैलाएवढं हरिण, येताना आपली चरबी आपणच घेऊन येतं.

वॉटरबक या पाणथळीतल्या हरणाचं नाव काढलं की मात्र सगळं रान नाक मुरडायचं. बोकडासारखा उग्र वास येतो म्हणे. मासिंडीचं म्हणणं असं की वास मांसाला नसतोच, तो असतो तेलकट केसांना. कातड्याला लागलेला हात मांसाला लागला की खेळ खलास. म्हणून वॉटरबक सोलताना त्याचा डावा हात कातड्याचा, उजवा मांसाचा, आणि काम संपेपर्यंत दोघांची भेट नाही. हे तो कळकळीने सांगायचा आणि लोक एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायचे.

आता त्याच्या लेकीचं, लुफुनोचं, लग्न ठरलं. रानाचे मालक हेनिंग यांनी लग्नासाठी एक जनावर देतो म्हणून सांगितलं. लग्नाच्याच आठवड्यात एक पाहुणा इलंड मारायला येणार होता आणि त्याला फक्त शिंगं हवी होती. मासिंडीच्या जिभेला हाड नव्हतं. बोलणी पक्की झाली त्या दिवशी तो नवऱ्या मुलाच्या थोरल्या काकांना, व्हो-रामोव्हांना, सांगून बसला, "माझ्या दारी तुम्ही इलंड खाल."

व्हो हा तिकडे नावाआधी लावायचा मानाचा शब्द, आणि व्हो-रामोव्हा म्हणजे जुने शिकारी. एका घासात जनावर ओळखतो, असा त्यांचा लौकिक. लौकिक अर्थात त्यांनीच पसरवलेला.

गुरुवारी पाहुण्याचे तीन बार वाया गेले आणि इलंड नदीपलीकडे गेला. दुपारी त्याच पाहुण्याने एक वॉटरबक पाडला.

"हाच घेऊन जा," हेनिंग म्हणाले. "दुसरं काही नाही आता."

मासिंडीचा शब्द तर गेलाच होता, वर सोयऱ्यांच्या ताटात बोकडाचा वास. लेक नांदायला जाणार त्या घरी ही गोष्ट पुढची वीस वर्षं चघळली गेली असती. आता सगळी भिस्त त्याच्या दोन हातांवर होती.

सोलायला घेतलं एवढ्यात नवरा मुलगा, रोफिवा, बाह्या सरसावून हजर. "मामा, तुम्ही एकटे? मी धरतो ना."

"अरे, राहू दे."

"असं कसं? होणारा जावई नुसता उभा राहून बघणार?" असं म्हणत त्याने कातडं दोन्ही हातांनी ओढलं, आणि घसरणारी मागची तंगडी त्याच हातांनी प्रेमाने कवटाळली.

मासिंडीची सुरी जागच्या जागी थांबली. दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्यांची उजळणी झाली असती. पण लग्न दोन दिवसांवर, जावयाला बोलणार कोण? "हात धुऊन ये," एवढंच तो म्हणाला. मग कातड्याला लागलेला हात मांसाला का लागू देत नाहीत ते त्याने शांतपणे समजावलं. रोफिवाचा चेहरा पडला. ती तंगडी मासिंडीने झोपडीमागे वेगळी टांगली.

"ती कुत्र्यांना का?" बायकोने, न्याडझानीने, विचारलं.

"मला. लग्न झालं की आठवडाभर मीच खाईन. पोराला वाईट वाटायला नको."

"मग आठवडाभर बाहेर झोपा," न्याडझानी म्हणाली.

शनिवारी दुपारी अंगणात पंगती बसल्या. मक्याच्या घट्ट उकडीसोबत मांस वाढलं गेलं. व्हो-रामोव्हांनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"इलंड," काकांनी निकाल दिला. "तरुण मादी. शब्द पाळलात हो, व्हो-नेमुकुला."

सगळीकडून माना डोलल्या. गप्प बसलं की झालं, अब्रू आयती हातात होती. पण तीस वर्षं मासिंडीचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आज त्याच्या हाताचं कौतुक दुसऱ्याच जनावराला चाललं होतं. ते त्याला सोसवेना.

"वॉटरबक आहे," तो म्हणाला. "इलंड मिळाला नाही. शब्द मोडला, माफ करा."

काकांनी हाड फिरवून पाहिलं. "वास कुठाय याला?"

"वास मी लावला," रोफिवा उभा राहिला. "एका तंगडीला. मी मदत करायला गेलो आणि ती नासवली. मामांनी ती स्वतःसाठी लपवून ठेवलीय, मला बोललेसुद्धा नाहीत."

काका हातातलं हाड ताटात टाकून पुतण्याकडे वळले. मग म्हणाले, "आणा ती तंगडी."

तंगडी भाजून आली तेव्हा वाऱ्याच्या दिशेला बसलेले लोक उठून दुसरीकडे बसले. मासिंडीने ताटाकडे हात नेला, तर काकांनी ताट मागे ओढलं. "तुम्ही नाही. आमच्या पोराने नासवलंय, आमचं घर खाईल." त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि खूप वेळ चावत राहिले. "बोकड," ते म्हणाले. "म्हातारा." मग रामोव्हांच्या घरातले एकेक जण येऊन तुकडा उचलू लागले, तोंडं वाकडी करत, हसत, एकमेकांना ढोसत.

सगळ्यांत शेवटी लुफुनो उठली. ती बापाच्या शेजारून गेली, रामोव्हांच्या रांगेत उभी राहिली आणि तिने आपला तुकडा घेतला. मासिंडी तिला नको म्हणणार होता. मग त्याच्या लक्षात आलं की आता ते त्याने म्हणायचं नाही. त्याला हसू आलं, आणि लेक तो तुकडा चावून गिळेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.