गुरुलिंगअप्पांचं कुत्रं पाहुणचाराला जातं

गुरुलिंगअप्पा सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचे. एका कापडगिरणीच्या फाटकावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कोण आत येतो, कोणाला विचारून येतो, जाताना कमरेला काय खोचून जातो, हे बघण्याचंच काम. माणसाला तशीच सवय लागते. माझ्याकडं चहाला येताना दार सताड उघडं असलं तरी अप्पा कडी वाजवायचे. मी आतून म्हणायचो, "पास दाखवा." एकदोनदा त्यांनी खरोखर खिसा चाचपला.

एकोणीसशे चौतीस साली डोळे अधू झाले आणि नोकरी सुटली. बायको शिवबाई त्याआधी दोन वर्षं तापानं गेली होती. घरात राहिलं कोण, तर अप्पा आणि करिया. करिया म्हणजे कन्नडमध्ये काळ्या. काळं, लांब कानाचं, गावठी कुत्रं. ते शिवबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. शिवबाई तीस वर्षं सोलापुरात राहिली, पण मराठीचा एक शब्द तिच्या तोंडाला लागला नाही. भाजीवालीशीसुद्धा कन्नडमध्येच भांडायची, आणि भाजीवालीला सगळं कळायचं. त्यामुळं करियालाही तेवढीच भाषा. 'बा' म्हटलं की यायचं, 'कुंद्रु' म्हटलं की बसायचं, 'होगु' म्हटलं की जायचं. मी मराठीत "बस" म्हटलं तर ते माझ्याकडं नुसतं बघायचं, कचेरीतल्या साहेबानं अर्जदाराकडं बघावं तसं.

अप्पांची एकुलती मुलगी गुरम्मा अक्कलकोटला दिलेली. जावई शिवयोगी, भुसाराचं दुकान, भला माणूस. तो सासऱ्याला न्यायला आला तेव्हा मी तिथंच होतो. मी सगळीकडंच असतो.

"मामा, तुमी चला. पण आईचं सोवळं तुमाला म्हाईत हाय," शिवयोगी म्हणाला. "कुत्रं उंबऱ्याच्या आत आलं तर ती त्या दिवशी जेवायची न्हाय."

"आत येणारच न्हाय की," अप्पा म्हणाले.

"कुत्र्याला उंबरा कळतो व्हय?"

"गिरणीतल्या लोकांस्नी कळला, त्याला कळंल."

शेवटी ठरलं ते असं. दसऱ्यानंतरच्या रविवारी अप्पांनी कुत्र्याला घेऊन जेवायला यायचं. अक्कम्मा, म्हणजे शिवयोगीची आई, बघणार. ती हो म्हणाली तर दोघांनी राहायला यायचं. नाही म्हणाली तर अप्पांनी एकट्यानं.

शिवयोगी गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "एकटा मी जात न्हाय. आन् हितं एकट्यानं राहावं, तर भाकरी करपली का भाजली ते आता वासावरनं वळखतोय."

मग महिनाभर त्यांनी करियाची शाळा घेतली. बाजारात न्यायचं तर दोरी हातभरच मोकळी. पाण्याच्या घागरी घेऊन बाया येताना दिसल्या की अप्पा करियाला भिंतीकडं तोंड करून बसवायचे आणि स्वतः मध्ये उभे राहायचे. देवळाशी गेले तर वहाणांच्या ढिगापासून दहा पावलं लांब. कोणाच्या दारी गेले तर करियाची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी बरोबर. दुसऱ्याच्या भांड्यात पाणी पाजायचं नाही. पिशवीत एक खुरपं असायचं. करियानं रस्त्यात घाण केली की अप्पा खाली वाकून ती खुरप्यानं उचलायचे आणि उकिरड्यावर नेऊन टाकायचे. सोलापुरात हे कोणी पाहिलं नव्हतं. पोरंसोरं मागं लागायची. मी म्हणालो, "अप्पा, म्युनिसिपालटीत लावून देऊ का तुम्हाला?" ते म्हणाले, "आपलं कुत्रं, आपली घाण. लोकांनी का तुडवायची?" मी चहा मागवला.

रविवारी मी बरोबर गेलो. अप्पांना पाटी वाचता येत नव्हती हे एक कारण, आणि पुरणपोळी हे दुसरं. अप्पांनी करियाला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, आणि स्टेशनात शिरण्याआधी एका बाभळीला तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या होत्या. कुत्र्याचं वेगळं तिकीट काढून त्याला गार्डाच्या डब्यात बसवलं. गार्डानं विचारलं, "चावतं का?"

"न्हाय साहेब. इचारल्याबगर भुंकत सुदा न्हाय," अप्पा म्हणाले.

अक्कलकोट रोडला उतरलो तर गावात जायला टांगे उभे. पहिल्या टांग्यातल्या म्हातारीला कुत्रं नको होतं. दुसऱ्यात एकाच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं, म्हणून अप्पांनाच तो नको. मी उन्हात वाळत उभा. तिसरा टांगा रिकामा मिळाला, तेव्हा अप्पांनी आधी टांगेवाल्याला विचारलं, मग पायापाशी आपलं पोतं अंथरलं आणि त्यावर करियाला घेतलं. मी म्हणालो, "घोड्यालाही विचारा." त्यांनी घोड्याला लांबून करिया दाखवला. ते चेष्टा करत नव्हते.

अक्कम्मा दारातच उभी होती. उंच, कपाळभर विभूती, गळ्यात चांदीचं लिंग. तिनं आमच्याकडं पाहिलंच नाही, करियाकडं पाहिलं. समोर लिंबाचं झाड होतं. अप्पा म्हणाले, "कुंद्रु." करिया झाडाखाली बसला. अक्कम्मानं दाराशीच रांगोळीचं बोट पुसलं आणि आत गेली. गुरम्मा माझ्या कानाशी म्हणाली, "अजून बोलली न्हाय म्हंजी बरं हाय, काका."

जेवणं सोप्यात होती. अप्पा आणि शिवयोगी आतल्या बाजूला. मी मराठा, म्हणून माझं पान जरा वेगळं, दाराच्या बाजूला. तिथून झाड दिसत होतं. बाहेरून एक बकरी गेली, एक तेलाची गाडी गेली, गल्लीतलं दुसरं कुत्रं येऊन गुरगुरून गेलं. करिया हलला नाही. अप्पांचा घास सुखानं खाली जायला लागला.

अक्कम्मा तिसरी पोळी घेऊन माझ्यापुढं आली. मी पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि चारचौघांसारखं म्हणालो, "नगं बा. आता खरंच नगं बा."

करिया उठला. उंबरा ओलांडून, रांगोळी चुकवून, पाण्याच्या तांब्याला वळसा घालून तो माझ्या पानाशी आला आणि शहाण्यासारखा उभा राहिला.

अक्कम्माच्या हातातून पोळी ताटलीत पडली. अप्पांनी आपल्या पानावर पाणी फिरवलं आणि उठले. करियाला म्हणाले, "होगु." तो आला तसाच, तांब्याला वळसा घालून, परत गेला. मग ते अक्कम्माला म्हणाले, "चुकलं आमचं. आमी निगतो. राहायचं आता काय मनात धरू नका."

मला आधी हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. त्यांचा चेहरा बघून मी ते पाण्याबरोबर गिळलं.

"आक्का," मी म्हणालो, "त्याची चूक न्हाय. त्याला मी बोलावलं."

"कवा? तुमी पोळी नगं म्हनत हुता की."

"तेच. नगं बा म्हटलं. दोनदा म्हटलं."

"बा?" अक्कम्मा म्हणाली.

झाडाखाली करिया पुन्हा उठला आणि अप्पांकडं बघत राहिला. अप्पांनी हात केला. तो बसला. गुरम्मानं तोंडाला पदर लावला. शिवयोगी पानातलं मीठ मोजू लागला.

"कन्नडात शिकवलंय व्हय?" अक्कम्मानं अप्पांना विचारलं.

"मी न्हाय. शिवबाईनं."

अक्कम्मा ताटली खाली ठेवून म्हणाली, "शिवबाई इहिणीनं लगनात सुदा मराठीत नाव घेतलं नव्हतं." आणि पुढं, "आज मी जेवणार न्हाय. सोपा सारवावा लागंल. पण अन्न घालवलं ते ह्या पाव्हण्यानं. कुत्र्यानं हाक ऐकली."

"मग?" शिवयोगीनं विचारलं.

"मग काय? उंबऱ्यात न्हाय म्हंजी न्हाय. परसात राहील."

"तर माझंबी हातरूण परसात टाका," अप्पा म्हणाले.

"सासरा परसात झोपला तर गाव आमाला काय म्हनंल?"

"काय बी म्हनंना. गेटवरचा माणूस मी. आत झोपून मला झोप येत न्हाय."

दोघंही मागं हटेनात. शेवटी अक्कम्माच लेकाकडं वळली. "त्या मागच्या खोलीतली पोती दुकानात हलव. तिचं दार परसात उघडतंय. त्येंनी आत झोपावं, त्यानं भायेर. आन् उंदीर लई झालेत तितं."

"उद्या हलवतो," शिवयोगी म्हणाला.

"उद्या का? आज रविवार हाय की. दुकान बंदच हाय."

संध्याकाळच्या गाडीला मी एकटाच निघालो. पोती हलवायला हात लावतो म्हणून अप्पा मागं राहिले, ते राहिलेच. त्यांचं परतीचं तिकीट वाया गेलं, करियाचंही.

त्यांचं सामान पुढच्या आठवड्यात मीच पोचवलं: एक ट्रंक, कंदील, तवा, आणि घडी न मोडलेलं शिवबाईचं इरकली लुगडं. अप्पा परसात खाटेवर बसले होते आणि करिया खोलीच्या उंबऱ्याला पाठ लावून पडला होता. अक्कम्मानं मला पाणी दिलं आणि जेवायला बसवलं. दुसरी भाकरी घेऊन आली तेव्हा मी तोंड मिटून नुसती मान हलवली.