माणिकचा होकार

माझी नणंद माणिक 'पाणी' म्हणायला लागली की 'प'वर अशी अडकायची की ऐकणाऱ्याच्याच घशाला कोरड पडावी. अख्खं घर तिची वाक्यं पुरी करायचं, आणि तीही हमखास चुकीची. हिला भाजी हवी असली की ताटात भाकर पडायची, आणि ही मुकाट खायची, कारण 'नको' म्हणायचं तर पुन्हा तेवढाच खटाटोप. मला तिची दया यायची म्हणाल तर नाही. मला राग यायचा. घरच्यांचा, तिचा, सगळ्यांचाच.

अकोल्याला मोर्णेच्या काठी आमचा फुलांचा मळा. अंमल इंग्रजांचा, वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाललेला, पण आमच्या घरात राज्य सासऱ्यांचं, किसनरावांचं. रोज सकाळी भगवंत झेंडू न्यायला यायचा. हा मूळचा दर्यापूरचा, आमच्याच जातीतला, अकोल्यात देवळापुढं हार विकायचा. मागंपुढं कोणी नाही. माणिक त्याला टोपली भरून द्यायची आणि त्याच्याशी बोलायची. होय, बोलायची! कारण तिचं वाक्य संपेस्तोवर हा बाबा टोपली डोक्यावर घेऊन खांबासारखा उभा. मध्येच शब्द घालायचा नाही, दुसरीकडं बघायचा नाही. शेवंतीला कीड लागली एवढं तिनं सांगेपर्यंत डोक्यावरची फुलं कोमेजायची.

दोघांचं एकमेकांवर मन बसलंय हे मळ्यातल्या बैलांनाही कळलं होतं. पण एकीला बोलता येईना आणि दुसरा बोलता येऊन बोलेना. शेवटी मीच त्याला विहिरीपाशी गाठलं.

"काहून भाऊ, मामाजीले मागणी काहून नाही घालत तुमी?"

"माणिकनं अजून काही म्हटलं नाही," तो म्हणाला.

कपाळ माझं!

तेवढ्यात सासऱ्यांनी पातूरच्या जानरावांशी तिचं जमवूनही टाकलं. जानराव बिजवर, पण घरचे बरे. तोतऱ्या पोरीला याहून चांगलं स्थळ काय मिळणार, असं सासऱ्यांचं गणित. मी म्हटलं, मीच सांगते मामाजींना सगळं. तर माणिकनं माझा पदर धरला.

"न... नको वयनी. म... मीच सांगन."

कधी सांगणार? सांगेन सांगेन करता साक्षगंधाचा दिवस उजाडला. मांडवात पाहुणे बसले, हार घेऊन भगवंत आला, तेही स्वतः गुंफलेले (काय म्हणावं या माणसाला!), आणि आमच्या बाईसाहेब अजून 'म'वरच.

आमच्यात रीत अशी की ओटी भरायच्या आधी बापानं भरल्या मांडवात पोरीला विचारायचं, मंजूर आहे काय? पोरीनं मान खाली घालून गप्प बसायचं. गप्प बसली की झाला होकार. बोलणारी पोरगी कोणी पाहिलेलीच नाही. सासऱ्यांनी विचारलं. माणिकनं मान वर केली, तोंड उघडलं. गळ्याची शीर फुगली, ओठ थरथरले, शब्द काही निघेना.

"लाजली पोरगी," जानरावांचे काका हसले. "भरा ओटी."

कोणीतरी नारळ उचलला. तेवढ्यात हारांच्या टोपलीमागून आवाज आला.

"थांबा. थे बोलून रायली."

भगवंत! त्याचा एवढा चढा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. काका अवघडले, नारळ होता तिथंच राहिला.

"न... न... नाही," माणिक म्हणाली. "म... मले मंजूर नाही."

पातूरची मंडळी ताडकन उठली. सासरे संतापानं लाल झाले. "मंग कोण पाह्यजे तुले? राजा पाह्यजे?"

"भ..."

पुन्हा अडकली. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी तोंडात पदर कोंबला.

"भ... भ..."

"भावाले इचारा म्हणते काय?" एक म्हातारी मदतीला धावली.

"गप बसा वो मावशी!" मी असली खेकसले की पोरंही रडायची थांबली.

"भगवंत," माणिक म्हणाली.

पुरतं नाव, सगळ्यांच्या देखत. मला रडूच फुटलं. सासरे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत, पण एवढा बोभाटा झालेल्या पोरीला दुसरं स्थळ आणणार कुठून? धुसफुसत का होईना, त्यांनी भगवंताला पोरगी दिली.

लग्नात बायका उखाण्यासाठी अडून बसल्या. बाईनं एरवी नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही, ते लग्नात तेवढं उखाण्यातून घ्यायचं. "घे वो नाव, घे, त्याबिगर उठू देत नाही!" मी मनात म्हटलं, आता इथंच उजाडणार. माणिकनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं.

"घ... घेतलं ना मी एक डाव," ती म्हणाली. "त... तवाच आयकाचं होतं."