गोपनीय: सव्वा मूठ गहू

राष्ट्राची गुपितं योग्य वेळी इतिहासाच्या स्वाधीन होतात, असं म्हणतात. आमच्या घरचं गुपित गेल्या श्रावणात पिंप्राळ्यात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, निवडायला ठेवलेल्या मेथीशेजारी उघड झालं.

एकाहत्तरच्या युद्धकाळातल्या हेरगिरीच्या काही फायली सरकारने खुल्या केल्या. मी निवृत्त इतिहासशिक्षक, त्यामुळे त्या संगणकावर वाचणं मला कर्तव्य वाटलं. हेरांच्या फायलींत हेर फार कमी असतात. बदल्यांचे अर्ज आणि हरवलेल्या छत्र्या बऱ्याच असतात. कंटाळून मी नानांच्या गावाचं नाव टाकून शोधलं. नाना म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, माजी फौजी. एकच फाइल निघाली. तिच्यात एक आंतरदेशीय पत्र होतं आणि त्यावर मावशीचं, म्हणजे अक्काचं, ठसठशीत अक्षर.

पत्र अहिराणीत होतं. ‘यंदा बारा जणसना गहू लिधात. तुमनीबी सव्वा मूठ मी टाकेल शे. पुनीना आत बठ्ठा सराले जोयजे. बाहेरनाले कण देवाना नही.’

खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन दळतात आणि त्याचा रोट करतात. तो भाऊबंदांनीच खायचा, पुनवेच्या आत संपवायचा. उरला तर गाईला, पण परक्याला कण नाही. ज्याची मूठ पडली नाही, तो घरात मोजलेला नाही.

टपाल तपासणाऱ्या साहेबाला हे कोण सांगणार? त्याने समासात लिहिलं होतं: बारा माणसं कोण? सव्वा मूठ हे कशाचं परिमाण? पौर्णिमेपूर्वी काय संपवायचं आहे? खाली शेरा, ‘अत्यंत गोपनीय. पत्र रोखावे.’ माणूस मूर्ख नव्हता. एवढं पाठ्य समोर आलं असतं तर मीही विद्यार्थ्यांना कटच शिकवला असता.

मी उठलो, पाणी प्यायलो, ग्लास फ्रिजमध्ये ठेवला आणि पुन्हा काढला. कारण या पत्रावर पन्नास वर्षांहून जास्त एक भांडण उभं होतं.

नाना तेव्हा पूर्वेच्या सीमेवर होते. परत आल्यावर त्यांनी थोरल्या भावाला विचारलं, “मनी मूठ टाकेल व्हती का?” थोरल्याला सरळ उत्तर देण्याची सवय नव्हती. तो म्हणाला, “तू जित्ता शे का नही, आमले काय माहीत?” सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी धुळ्यात घर केलं आणि कानबाईला पुन्हा कधी गावी गेले नाहीत. अक्का शपथेवर सांगे, की मूठ मी माझ्या हाताने टाकली आणि तसं पत्रही लिहिलं. त्यावर नानांचं ठरलेलं वाक्य असे, “फौजेनी डाक हरवत नही.” म्हणजे अक्का सासरची बाजू सावरायला खोटं बोलते. हे तिला जेवायला वाढताना, पाहुण्यांसमोर, नातवांसमोर ऐकावं लागे.

त्या दिवशी गुरुवार होता. रविवारी कानबाई. पत्राची प्रत छापून मी तीन वेळा घडी घातली, तीन वेळा उलगडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आता चूक दाखवून काय मिळवायचं? आणि न दाखवून अक्काला कुठल्या तोंडाने भेटायचं? शुक्रवारी सकाळी धुळ्याची बस धरली. पारोळ्याला चहासाठी थांबली तेव्हा परतीची बस समोरच उभी होती. मी एक पाय तिच्या पायरीवरही ठेवला. कंडक्टर म्हणाला, “भाऊ, चढा नाहीतर उतरा.” मी उतरलो.

नानांनी भिंग घेतलं. पत्र वाचलं, मग समास, मग शिक्का. शिक्का सगळ्यात जास्त वेळ वाचला. मी पंख्याकडे बघत बसलो. अक्का स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ.

“लिखेल व्हतं ना मी?” ती म्हणाली.

नानांनी भिंग पुसलं. “मी काय म्हणत व्हतू? फौजेनी डाक हरवत नही.”

“हरायनी नही. पन्नास वरीस वाचत बसनात त्या!”

नानांनी प्रत तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, “माले काय दावतस? मनंच शे ते.” आणि पोळ्या लाटायला आत गेली. लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. नाना दोन खोल्यांमधून चार फेऱ्या मारून आले आणि मला म्हणाले, “गावले फोन लाव. यंदा मनी मूठ टाकाले सांग. आम्ही दोन्ही येतस.”

थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोन त्याच्या मुलाने उचलला. मी निरोप दिला.

तो म्हणाला, नानांची मूठ दरवर्षीच टाकतात. त्यांच्या वाटचा रोट गाय खाते.