कागलला नेलेली शेगडी

प्रिय रेवा आणि अर्णव,

गेल्या रविवारी फोनवर रेवाने विचारलं, "आजी, आपण कोळसा जाळायचो का?" तिला तिकडे जर्मनीतल्या शाळेत हवामानबदलावर लिहायचं होतं. तुमची आई मागून "आजीला नंतर विचार" म्हणाली आणि विषय बदलला. पण मला प्रश्न आवडला. त्यातला 'आपण' तर फारच आवडला. गेल्या महिन्यात आपल्या फौंड्रीतला शेवटचा जाळ विझला, त्यामुळे आता उत्तर अर्धवट राहणार नाही. म्हणून लिहिते आहे.

हो, आपण कोळसा जाळायचो. पुष्कळ जाळायचो.

उद्यमनगरचं घर सोडलं त्या सकाळी माझ्या हातात यादी होती, खोलीवार लिहिलेली. सामानाचा ट्रक नव्या फ्लॅटकडे गेला. मी तुमच्या शेखरमामाच्या गाडीत बसले आणि पायाशी परात ठेवून घेतली. परातीत वाळू, वाळूवर लोखंडी शेगडी आणि शेगडीत देवघरातल्या निरांजनावरून पेटवलेले निखारे. शेखर म्हणाला, "आई, ही गाडी पेट्रोलची आहे." मी म्हटलं, "मग सावकाश चालव." सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून कागलच्या नव्या फौंड्रीकडे निघालो. सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला वाकून बघत म्हणाला, "काय पावणं, गाडीतच भाकरी भाजतायसा व्हय?"

शेगडी का, ते सांगते. आमचं घर फौंड्रीच्या मागच्या अंगाला होतं, मध्ये फक्त अंगण. पाइपांचे बिडाचे जोड आम्ही ओतायचो. लोखंड वितळवायची उंच भट्टी कोकवर चालायची, म्हणजे दगडी कोळशाच्याच एका प्रकारावर, आणि ती मंगळवारी नि शुक्रवारी पेटायची. ती काडेपेटीने पेटवायची नाही, घरच्या जाळाने पेटवायची, असा माझ्या सासूबाईंचा नियम होता. सकाळी आठला भट्टी सांभाळणारे बंडू मिस्त्री अंगणातून ओरडायचे, "वैनी, पेटवू का?" मग घरातल्या बाईने शेगडी त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "पेटवा." लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी ती शेगडी माझ्याकडे दिली. "आता हे तुझ्याकडं. इझू द्यायचं न्हाय," एवढंच म्हणाल्या.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं मीच लिहायचे. हा नियम मला आधी गमतीचा वाटला. नंतर त्याच्यावाचून मंगळवार उजाडेना.

भट्टीच्या दिवशी आम्ही कपडे बाहेर वाळत घालत नसू. पापड, कुरडया तर नाहीच. दुसऱ्या दिवशी झाडलं की केरसुणी काळी व्हायची. तुमचे आजोबा धुराकडे बघून खूश व्हायचे. "धूर दिसला की गावाला कळतंय, काम चालू हाय," म्हणायचे. तुमच्या आईला मात्र लहानपणी सतत खोकला असायचा. सुट्टीत माझ्या माहेरी, बिद्रीला गेली की चार दिवसांत थांबायचा, परत आली की सुरू. आम्ही तिला मध चाटवायचो, अडुळसा द्यायचो. खोकला कशाचा हे मला कळत होतं. मी बोलले नाही, कारण त्याच भट्टीवर चाळीस घरं जेवत होती, आमचंही त्यातच आलं.

आजोबा गेल्यावर काही वर्षांनी युरोपातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. तुमच्याकडे नवा कायदा झाला होता. बाहेरून येणाऱ्या लोखंडावर, ते बनवताना हवेत किती कार्बन सोडला त्याप्रमाणे आकार बसणार होता. पत्र वाचून मला राग आला. पिढ्यान्‌पिढ्या कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या लोकांनी आमच्या दोन दिवसांच्या भट्टीचा हिशेब मागावा! तो राग थोडा अजूनही आहे. पण त्या रात्री मला खोकला आठवत राहिला. सकाळी शेखर म्हणाला, "आई, कोक सोडायचा, नाहीतर गिऱ्हाईक." मी म्हटलं, "कोक सोड."

विजेच्या भट्टीला लागेल एवढी वीज जुन्या जागेत मिळेना. कागलच्या एमआयडीसीत जागा घेतली. घर आणि फौंड्री एकाच जागेवर, त्यामुळे विकायची तर दोन्ही. तुमची आई जर्मनीला गेली तेव्हा विमानतळावर सगळे रडले होते. मी कळंब्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तर कुणी रडायचं कारण नव्हतं. तरी मीही घर सोडून गेले होते.

आता माझी चूक. विजेच्या भट्टीची सगळी इंग्रजी कागदपत्रं मी वाचली होती. तिच्यात जाळ नसतो हे मला पक्कं ठाऊक होतं. यादीत चमचेसुद्धा मोजून लिहिले होते. आणि तरी मी शेगडी घेऊन कागलला उतरले.

नवी भट्टी म्हणजे जमिनीत बसवलेलं पातेलंच, शेजारी कपाटाएवढं पॅनल. भट्टी बसवायला आलेला इंजिनीअर म्हणाला, "मॅडम, हे इथे चालणार नाही." पोरं हसू दाबत होती. बंडू मिस्त्रींनी शेगडीकडे बघितलं. त्या महिन्यात त्यांचंही काही खरं नव्हतं. जाळाचा रंग बघून लोखंड ओळखणारा माणूस, आता समोर नुसते आकडे.

"वैनी, ह्यात काय पेटवतायसा? बटन हाय."

सासूबाईंनी दिलेली गोष्ट माझ्या हातात संपली, एवढंच डोक्यात होतं.

मग मिस्त्रीच इंजिनीअरकडे वळले. "ओ पावणं, लेडल कशानं तापवणार हायसा? फुकून?"

लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यापर्यंत न्यायची बादली. ती आतून ओली किंवा गार असली तर लोखंड उसळतं, माणूस भाजतो. तिला आधी गॅसच्या जाळावर तापवावंच लागतं. बंडू मिस्त्रींनी चिंधीचा काकडा शेगडीतून पेटवला आणि बर्नरला लावला. "झालं की!" म्हणाले. मग शेखरने बटण दाबलं. शेगडी तिथेच राहिली, बर्नर रोज तिच्यावरूनच पेटू लागला.

पुढे दर तिमाहीला गिऱ्हाइकाचा फॉर्म मी भरू लागले. वीज किती, त्यातली छपरावरच्या सौर पॅनलची किती, इतर इंधन किती. शेखर म्हणाला, "तो बर्नर केवढासा, सोडून दे." मी लिहिला. सासूबाईंचा जाळ मी लपवणार नव्हते. तिकडून बर्नरबद्दल विचारणा आली, मी एका ओळीत कारण कळवलं, ऑर्डर कायम राहिली. आपली बरीचशी वीज अजून दुसरीकडच्या कोळशातून येते, तेही रेवाने निबंधात लिहावं. पण हा कोळशाचा वाटा दरवर्षी कमी होतो आहे. आकडे मीच लिहिते, म्हणून सांगते.

गेल्या महिन्यात लेडल तापवायचं विजेचं यंत्र आलं. बर्नर काढला. इतर इंधनाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं, आणि शेगडी घरी आणून तिच्यात माती भरून ओवा लावला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. बंडू मिस्त्री. "वैनी, चालू करू का?"

मी म्हटलं, "आता कशाला विचारता? जाळ कुठं राहिलाय?"

"जाळ गेला. तुमी हायसा की."

नवी भट्टी आठवड्यातून दोनदा नाही, रोज चालते. त्यामुळे फोनही रोज येतो. तेव्हा मी कळंब्याच्या घरात देवापुढे निरांजन लावून बसलेली असते. मी "करा" म्हणते, आणि मगच कागलची भट्टी सुरू होते. एवढं अजून आहे.

तुमची आजी